उपाशी पंखे

"फसवलंत मला!"

पिशवी काउंटरवर आपटणारच होते, पण आत पाण्यात कोळंबी होती... म्हणून हळूच ठेवली. आज माझे केस पांढरे झालेत, पण तो राग अजून ताजा आहे.

शोभेच्या माशांच्या दुकानात त्या दिवशी म्हाताऱ्या मालकांऐवजी त्यांचा भाचा बसला होता.

"तुमचे मामा म्हणाले, ही कोळंबी पुढच्या पायांचे पंखे पसरून वाहत्या पाण्यातलं खाणं झेलते. आठवडा झाला, पंखा उघडेल तर शपथ! नुसती वाळू चिवडते."

"वाळू चिवडते?" तोच भडकला. "म्हणजे उपाशी आहे ती! पाणी कधी बदलता?"

"रोज. टाकी लख्ख असते माझी."

"रोज! अहो, पाण्यातले बारीक कण हेच तिचं जेवण. तुम्ही तिचं भरलं ताट धुऊन टाकता, आणि वर मलाच झापता?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी वडील, अप्पा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. घास पुढे केला की तोंड फिरवायचे, फक्त त्या टाकीकडे बघायचे. ही मेली असती तर...

"रडू नका हो—"

"रडत नाहीये! चिडलेय!"

त्यानं पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर घरी आला. बाह्या दुमडून त्यानं फिल्टरची नळी वळवली, प्रवाहासमोर लाकडाचा तुकडा बसवला, खाण्याची पूड केली.

"पुन्हा रोज पाणी बदललंत तर याद राखा."

"माझं घर आहे!"

"तिचंही आहे."

मग रोज यायचा, नळी चाचपायचा, माझ्याशी भांडायचा. चौथ्या दिवशी कोळंबी त्या लाकडावर चढली आणि तिनं पंखे उघडले... चारही, पिसांसारखे मऊ. एकेक मिटून तोंडाशी नेऊ लागली. अप्पांनी बघितलं. चालत्या हाताची बोटं पसरली, मिटली, ओठांशी नेली.

मी धावत भात आणला. सहा घास खाल्ले त्यांनी.

दारात तो म्हणाला, "आता माझं काम संपलं."

"म्हणजे कोळंबीसाठीच येत होतात?" माझा आवाज चढला.

"नळी... पहिल्याच दिवशी नीट बसली होती." कान लाल झाले होते त्याचे. "नंतर नुसतीच चाचपत होतो."

"लबाड!" मी ओरडले. "उद्या वेळेवर या. आणि परवाही!"

दार धाडकन लावलं, आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. पलीकडून पावलं हलायला फार वेळ लागला.