एक कान मोकळा

रेकॉर्डकाकांनी चाळीस वर्षं लोकांना नाचवलं, पण स्वतःचा एक नियम कधी मोडला नाही. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे. एका कानाने पुढचं गाणं आधी ऐकून घ्यायचं आणि दुसरा कान हॉलसाठी मोकळा ठेवायचा. दोन्ही कान झाकले की माणूस समोरच्यांतून उठतो, असं सांगून त्यांनी कितीतरी नव्या डीजेंचं डोकं खाल्लं होतं.

आता हॉल नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या, आणि बायको गेल्यापासून त्याही जास्त वाटायच्या. लेक दोन विमानं बदलावी लागतील इतक्या लांब. कंट्रोलर तिनेच पाठवला होता. लॅपटॉपला जोडायचा, डावी-उजवीकडे दोन तबकड्या, मधे सरकणाऱ्या खुंट्या. गाणी सगळी लॅपटॉपच्या पोटात. "खोकी उचलून कंबर मोडलीस, आता नुसती बोटं चालव," ती म्हणाली होती.

रविवारी दुपारी चारला तिचा फोन येई. "पुढच्या महिन्यात नक्की येते, बाबा." हा पुढचा महिना दोन वर्षं पुढेच होता. काका म्हणत, "ये, घाई नाही." आणि फोन ठेवला की घाईघाईने तिच्या पलंगावरची चादर बदलत.

एका दुपारी डावीकडे गाणं चालू असताना त्यांचा अंगठा उजवी बाजू हेडफोनमध्ये ऐकवणाऱ्या बटणावर पडला. त्या बाजूला गाणं चढवलेलंच नव्हतं. कानात शांतता असायला हवी होती.

कानात पंखा फिरत होता. नळ ठिबकत होता. त्यांचीच खोली होती ती. मग बेल वाजली आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज आला, "काका, टाकी धुणारेत, बादल्या भरून ठेवा."

काका दारापर्यंत जाऊन आले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. बरोबर चार मिनिटांनी बेल वाजली. दारात वहिनी.

"बादल्या भरून ठेवायच्या, हेच ना?" काका म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" वहिनींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या जिना उतरल्या.

काका भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. हॉलमधला निम्मा चमत्कार सैल वायरीचा असतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. लॅपटॉपचा माइक बंद केला. मग घड्याळ लावून ऐकलं. वरच्या मजल्यावर पडलेलं भांडं आधी कानात पडलं आणि चार मिनिटांनी वर.

तबकडी पुढे फिरवली तर? गाण्यात फिरवली की गाणं पुढे जातं. इथे एका वेढ्याला एक अख्खा दिवस सरकला. स्वतःचा खोकला, स्वतःच्या चपला, रात्रीचा नळ. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता. लेक कधी येणार?

ते फिरवत गेले. पहिला रविवार आला. फोन, चपलांची फरफट, स्वतःचा आवाज, "ये, घाई नाही." दुसरा रविवार, तेच. तिसऱ्या रविवारी फोन वाजला, वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. चपला वाजल्या नाहीत.

पुढच्या वेढ्याला नुसता पंखा. फोन. पंखा.

मग बेल. मग दारावर थापा. "बाबा! मी आलेय. दार उघड ना रे!" मग पहारीचे घाव आणि लाकूड फाटल्याचा आवाज.

काकांनी तबकडीवरून हात काढला. त्यांना सगळ्यात आधी झाला तो आनंद. आली, शेवटी आली! मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि त्यानंतर भीती.

त्यांनी तिला फोन लावला.

"आज कसा? बरा आहेस ना?"

"ठणठणीत. सहज केला."

"मीटिंग आहे, बाबा. रविवारी बोलू?"

आत्ताच ये, हे शब्द ओठांवर आले होते. "हो, हो, रविवारी," काका म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांनी वेगळं बोलायचं ठरवलं होतं. बोलले ते तेच, "ये, घाई नाही." दुसऱ्या रविवारीही.

तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी दाराची कडी काढली. बिजागरीत तेलाचे चार थेंब सोडले. पोरीला दार कशाला फोडायला लावायचं? मग खुर्चीत बसून त्यांनी उजवी तबकडी फिरवली.

या वेळी पहार नव्हती. थापाही नव्हत्या. दार हळूच उघडलं.

"बाबा, आले मी."

बोट आपोआप लूपच्या बटणावर गेलं. तेवढाच तुकडा फिरू लागला. बाबा, आले मी. बाबा, आले मी.

मोकळ्या कानात खोलीतला पंखा घरघरत होता. त्यात तिचे शब्द नीट लागत नव्हते.

काकांनी दुसरी वाटी कानावर ओढली.

चार वाजले. मागे टेबलावर फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला.

खुर्चीखालच्या चपला जागच्या हलल्या नाहीत.