हळदीकुंकवातला आर्नेल

कुवेतमध्ये जानेवारीत पाऊस आला की सगळी बिल्डिंग खिडकीशी धावते. उल्का मात्र बँकेतून भिजून आली होती आणि लिफ्टमध्ये उभी होती. शेजारच्या फिलिपिनो तरुणाने व्हिडिओ कॉल संपवला आणि मोबाइल चक्क कपाळाला टेकवला.

"डोकं दुखतंय का? गोळी देऊ?"

तो खुदकन हसला. "आई होती. आमच्याकडे थोरांचा हात कपाळाला लावतात. तिचा हात तिकडे गावी, इलोइलोत... मग मोबाइलच लावतो."

"टॅगालॉगमध्ये याला काय—"

"माझी भाषा हिलिगायनोन! सगळ्यांना एका टोपलीत भरू नका हं."

झालं! त्या लाडिक हेलातच उल्काचा जीव अडकला. आर्नेल क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायचा. संध्याकाळी समुद्राकाठी फिरताना तो तिला एकेक शब्द शिकवायचा. फक्त 'पालांगा ता का'चा अर्थ सांगायचा नाही.

"तुझ्या आईसमोर सांगेन."

पुढच्या जानेवारीत आई नाशिकहून आली, उल्काच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं. "सातला ये, बायका गेलेल्या असतील," उल्का म्हणाली. पण हळदीकुंकवाच्या बायका कधी वेळेवर गेल्यात?

सातला तो दारात. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात खाऊचा डबा. आई कुंकू लावत होती. त्याने वाकून तिचा हात धरला आणि कपाळाला टेकवला. आईने चपापून हात ओढला. त्याच्या कपाळावर कुंकवाचा फराटा उमटला.

"कोण गं हा?" कुंकवाला आलेल्या विजयाकाकूंनी विचारलं.

सगळ्या बायका उल्काकडे बघत होत्या.

"के... केटरिंगचा."

"हां!" आईला हायसं वाटलं. "भैया, वो प्लेट्स उठाना जरा."

आर्नेलला हिंदी चांगली कळायची. त्याने उल्काकडे एकदाच पाहिलं, डबा ठेवला आणि उष्ट्या प्लेट्स गोळा केल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उल्काला झालं.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा तो बाह्या दुमडून सिंकशी उभा होता.

"अजून आहेत प्लेट्स?" त्याने त्याच हेलात विचारलं.

"रागाव तरी रे माझ्यावर!"

"राग नाही आला. लाज वाटली... माझीच. पांढरा शर्ट घालायला नको होता."

उल्काला रडू फुटलं. तिने त्याचा ओला हात धरला आणि त्याला तसंच हॉलमध्ये नेलं.

"आई, हा केटरिंगचा नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी खोटं बोलले. माझं प्रेम आहे याच्यावर."

आई त्याच्या ओल्या बाह्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे मी याला उष्टी काढायला लावली?" तिचा आवाज चिरकला. तिने पदराला हात पुसला आणि पुढे केला. "तो मघाचा नमस्कार... पुन्हा कर म्हणावं. बाकीचं उद्या बोलू."

त्याने हात कपाळाला टेकवला. या वेळी आईने तो ओढला नाही.

"पालांगा ता का," तो उल्काला म्हणाला.

उल्काची मान अजून वर होत नव्हती. "अर्थ?" तिने जमिनीलाच विचारलं.

"लाडकी आहेस माझी. उष्ट्या प्लेट्ससकट."