आठ म्हणेपर्यंत

दिवा जरा असाच राहू द्या. अंधाराला मी किती भिते हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची, चारच्या सुमाराची आहे, आणि त्या दिवशी मी फक्त चिठ्ठ्या चिकटवायला गेले होते.

कॉलेज संपल्यापासून दोन वर्षं मी एका छांदिष्ट गृहस्थांच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या नोंदी ठेवत होते. एकशे बारा कॅमेरे. ते गेले, आणि संग्रह एका मोठ्या संग्रहालयाकडे जायचा ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, की यातला एक तुला द्यायचा असं हे सांगून गेलेत; कुठलाही घे, फक्त संध्याकाळपर्यंत ठरव.

यातला एक मिळाला तर कुठला घ्याल, हा तर त्या घरातला रोजचाच खेळ होता. येणारा जाणारा पाहुणा कपाटापुढे उभा राहून बोट दाखवायचा. कुणाला उडत्या फुग्यातून वरून गाव टिपून आलेला हवा असायचा, कुणाला लढाईवरून एकटाच परत आलेला, कडेला पोचा पडलेला. मला विचारलं की मी फुग्यातला म्हणायचे. खोटं बोलायचे.

मला हवा होता तो कोपऱ्यात, तीन पायांवर उभा होता. ट्रंकेएवढा लाकडी, कातडी भात्याला चार ठिगळं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी पुरात आईबापांपासून तुटलेली मुलं एका शाळेच्या दालनात ठेवली होती. एका छायाचित्रकाराने त्या सगळ्यांचे फोटो याच कॅमेऱ्याने काढले आणि पुलाजवळच्या भिंतीवर लावले. ते बघून तीनशेच्या वर मुलं घरी गेली.

त्यातली एक माझी आई. सात वर्षांची. बाकावर शेजारी तिची चार वर्षांची बहीण होती, धाकटी. दालनात उजेड कमी, म्हणून तो माणूस भिंगाचं झाकण काढून मोठ्याने आठ आकडे मोजायचा आणि झाकण लावायचा. तोवर हलायचं नाही. आईने धाकटीचा हात धरला होता. पाचाला की सहाला आईच्या गालावर माशी बसली. तिने हात सोडला, एवढंच. धाकटी बाकावरून घसरून पळाली.

फोटोत आई स्पष्ट आहे. शेजारी, धाकटीच्या जागी, नुसता धूर.

त्याच संध्याकाळी लहान मुलांना दुसऱ्या छावणीत हलवलं. आजीआजोबा भिंतीवरचा फोटो बघून आले, आईला घेऊन गेले. धाकटीला शोधायला दाखवणार काय? तिचा दुसरा फोटो नव्हता. आई कधीतरी भांडी पुसता पुसता म्हणते, “नाक आठवतं गं तिचं. डोळे आठवत नाहीत.”

मी काय ठरवलंय ते ऐकून दुरुस्तीवाले काका हसले. तिथल्या सगळ्या यंत्रांची दुखणी तेच काढायचे. हे धूड नेण्यापेक्षा नवरा आण, म्हणाले, तो निदान आपल्या पायांनी जिना चढेल. मग माझा चेहरा बघितला आणि फिल्मच्या जागी लागणारी काचेची एक प्लेट भरून आणायला अंधारखोलीत गेले. कारण त्या घराचा रिवाज होता: कुठलाही कॅमेरा बाहेर जायच्या आधी त्याने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीचा एक फोटो घ्यायचा.

मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. आत जुन्या कापडाचा, धुळीचा वास होता. आणि ओल्या मातीचा. खिडकीबाहेर तर लख्ख ऊन होतं.

मागच्या काचेवर खुर्ची उमटली. अर्थातच उलटी, पाय वर. या कॅमेऱ्यात समोरचं सगळं उलटंच दिसतं. पाठ रिकामी, बैठक रिकामी. आणि काचेच्या कोपऱ्यात एक लहान तोंड. ओले केस कपाळाला चिकटलेले.

ते सुलटं होतं.

डोकं बाहेर काढून मी खुर्चीकडे बघितलं. रिकामी. परत आत गेले. तोंड तिथेच, सुलटं. मग कळलं. समोरचं असतं तर उलटं दिसलं असतं. सुलटं म्हणजे प्रतिबिंब. ती माझ्या मागे होती... कापडाच्या आत.

मी दाराच्या कडीला दचकणारी मुलगी. माझ्या प्रत्येक फोटोत मी हललेलीच असते. पण पळायच्या आधी माझी नजर त्या डोळ्यांवर पडली. आईला आठवत नाहीत ते डोळे. सकाळी हा कॅमेरा उरला तरी ती उरेल का, कुणी सांगावं?

मागे न बघता मी हळूच म्हटलं, “समोर जाऊन बस. यावेळी नाही पळायचं.”

मानेजवळ गार श्वास लागला. “ताईला पण बोलाव...”

“बोलावते,” मी म्हटलं. लहान मुलांना म्हणतो तसं.

काचेचा कोपरा रिकामा झाला. काकांनी प्लेट आणून दिली, ती मी मागे सरकवली आणि झाकण काढलं. एक... दोन... मोठ्याने मोजत राहिले. पाचाला वाटलं, काका माझ्याबरोबर मोजतायत. आठाला झाकण लावून वळले, तर ते केव्हाच अंधारखोलीत परत गेले होते.

लाल दिव्याच्या उजेडात काकांनी प्लेट धुतली आणि कागदावर छापली. खुर्चीवर मुलगी होती. बारीक, ओली, डोळे सताड उघडे, एवढीशीही न हललेली. काका खाली बसले. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं, की तिचा डावा हात धुरात शिरलाय. खुर्चीशेजारी कुणीतरी उभं होतं, जे हललं होतं.

घरी गेले तेव्हा आई नुकतीच उठलेली. दुपारी कधी न झोपणारी बाई. चारला बसल्या बसल्या डोळा लागला, म्हणाली. कुणीतरी आकडे मोजत होतं. मी फोटो पुढे धरला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने धाकटीच्या डोळ्यांवरून नुसता अंगठा फिरवला.

“माशी आलीच बघ परत,” ती म्हणाली. “मी हलले. पण हात नाही सोडला.”

कॅमेरा आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. आई आनंदात असते, गुणगुणते. फक्त त्या दिवसापासून ती सगळं डाव्या हाताने करते. चहा ओतते, वेणी घालते, दार उघडते. उजवा हात अंगाशी, थोडा खाली, मूठ सैलशी मिटलेली, झोपेतसुद्धा. सकाळी त्या बाजूची चादर ओली असते.

मूठ उघडून दाखव, असं मी तिला अजून म्हटलेलं नाही.