आसराबाईचं बोट

"वाजवा!" रामेश्वर म्हणाला, आणि त्याच्या बापानं, काकासाहेबांनी, पितळी थाळीवर लाटण्याचा असा दणका दिला की दावणीची शेळी दचकून उभी राहिली!

त्याचा दोन वर्षांचा राधेश्याम आजीच्या, आसराबाईच्या, मांडीवर, थाळीकडं पाठ करून बसलेला. थाळी वाजली... आणि पोरानं गर्रकन मान वळवली!

"ऐकलं! ऐकलं का न्हाई लेकानं?" रामेश्वर उड्याच मारायला लागला. पुन्हा वाजवली, पुन्हा वळला. तिसऱ्यांदा तर हसत हसत वळला. मग काय विचारता! गावातल्या आशाताईनं, शिवकन्येनं, सकाळीच एक चिठ्ठी दिली होती. पोर अजून एक शब्द बोलत नाही, हाकेला बघत नाही, जालन्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या, अशी. ती चिठ्ठी रामेश्वरनं घडी घालून देवळीत सरकवली.

"म्हणे कान तपासा! बराबर ऐकू येतं माझ्या नातवाला," काकासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आमच्या घराण्यात असली खोट बिलकुल न्हाई. अंजू, तूच दिवसभर त्याच्यापुढं मोबाइल धरती, मंग ते बोलंल कशाला?"

अंजूनं, पोराच्या आईनं, मान खाली घातली. ढग गडगडले तरी हे लेकरू झोपेत हलत नाही, हे तिनं किती रात्री उशाशी बसून पाहिलं होतं! पण थाळी तर सगळ्यांसमोर वाजली होती. ती सासूच्या पाया पडली. "आत्या, मीच येडी. उगं लेकराच्या नावानं अभद्र बोलले."

सगळं घर सुटकेनं हसत होतं, आणि आसराबाईला वाटत होतं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं! कारण तिन्ही वेळा, सदऱ्याखालून पोराच्या पाठीत बोट टोचणारी ती होती.

होय, तीच! नातवावरून जीव ओवाळून टाकणारी सख्खी आजी! कुणी म्हणेल, काय कैदाशीण बाई आहे... पण तिची लाज आजची नव्हती हो, तीस वर्षांची मुरलेली होती.

आसराबाईचं माहेर अंबडच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्यांचं. तिला एक थोरला भाऊ होता, भागवत. जन्मापासून ना ऐकायचा, ना बोलायचा. पण बहिणीला हाक मारायची त्याची स्वतःची रीत होती. लहानपणी आसराच्या टोचलेल्या नाकात कडुलिंबाची काडी असायची, म्हणून तो आपल्या नाकपुडीवर दोनदा बोट टेकवायचा. झालं, तेच तिचं नाव! ती रानात असो की विहिरीवर, ते बोट दिसलं की पळत सुटायची.

मग लग्न ठरलं. "मुका भाऊ दिसला तर सोयरीक मोडंल," बाप म्हणाला, आणि त्यानं भागवतला मेंढरांकडं पिटाळलं. पण न राहवून तो जेवणावळीच्या वेळी मांडवाच्या कडेला आला, आणि गर्दीतून बहिणीकडं बघत त्यानं नाकपुडीवर दोनदा बोट टेकवलं. शेजारी बसलेल्या काकासाहेबांनी विचारलं, "हा कोण?" आसराबाईनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आमचा गडी हाये."

गडी! खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा सख्खा भाऊ, गडी! एकदा बोलून बसली, मग ते फिरवायची हिंमत कधी झालीच नाही. रामेश्वरच्या लग्नात मामा म्हणून त्याच्या पाठीशी उभं राहायला तिनं चुलतभाऊ आणला. 'मला सख्खा भाऊ न्हाई,' असं सगळ्यांना सांगून मोकळी झाली. आणि आता राधेश्याम... बोलणाऱ्याच्या ओठांकडं टक लावून बघणाऱ्या त्याच्या डोळ्यांत तिला केव्हाच भागवत दिसला होता! त्यात सकाळी शिवकन्या बोलून गेली, "घरात आणखी कुणाला ऐकू येत न्हाई का, ते डॉक्टर विचारतात बरं का." आणि थाळी वाजताच आसराबाईचं बोट आपोआप पुढं झालं.

असे सात महिने गेले. सात महिने ती रोज ठरवायची, आज सांगते... आणि रोज उद्यावर ढकलायची.

रामेश्वर टेंभुर्णी-जाफराबाद काळीपिवळी जीप चालवायचा. एका सकाळी अंगणातून जीप मागं घेताना त्यानं हॉर्न दिला, एकदा, दोनदा, तीनदा. चाकामागं राधेश्याम मातीत खेळत होता. हलला सुद्धा नाही! अंजूनं किंकाळी फोडून झेप घेतली आणि पोराला बाहेर ओढलं. तिची कोपरं सोलून निघाली. रामेश्वर उडी मारून खाली उतरला, आणि भीतीच्या भरातच त्यानं बायकोच्या थोबाडीत दिली!

"कुठं ध्यान असतं तुझं? तीन हॉर्न दिले मी!"

"त्याला ऐकू आलं न्हाई हो..."

"पुन्हा तेच! थाळीला वळला न्हाई का? बस्स झालं आता. बॅग भर, माहेरी नेऊन सोडतो तुला!"

त्यानं पुन्हा हात उचलला, आणि आसराबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"मारायचं तर मला मार, रामेश्वर. लेकराला ऐकू येत न्हाई."

"माय, काय बोलून राह्यली तू?"

"थाळी वाजली तवा मी त्याच्या पाठीत बोट टोचत व्हते... तिन्ही बारीला!" आता ती थांबणार नव्हती. "खोट अंजूच्या माहेरची न्हाई, माझ्या माहेरची हाये. तुला सख्खा मामा हाये, रामेश्वर! त्याला ऐकू येत न्हाई म्हणून मी त्याला गडी म्हणाले."

काकासाहेब पुढं आले. "तो गडी? दर दिवाळीला तुला न्यायला-सोडायला आलो की माझ्या पायावर पाणी घालायचा तो?... सख्ख्या मेहुण्याकडून पाय धुवून घेतले मी, आसरा! आन् तू बघत उभी व्हती?"

"व्हय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती!

अंजू पोराला छातीशी धरून उठली. गालावर पाच बोटं उमटली होती, तरी आवाज शांत होता. "थाळी वाजवून किती महिने झाले, आत्या?"

"सात."

"सात महिने तुम्ही सगळे मला येडी म्हणलात, ते ऱ्हाऊ द्या. ह्याचे सात महिने कोण वापस देणार?"

अंजूनं देवळीतली चिठ्ठी काढली आणि जीपमध्ये जाऊन बसली. "तुम्हीबी चला. तिथं विचारतील ना, घरात आणखी कुणी? तुम्हीच सांगायचं."

वाटेत रामेश्वर कसाबसा पुटपुटला, "अंजू, माझा हात... चुकलं माझं."

"पुढं बघून चालवा," अंजू म्हणाली.

जालन्याला दोन खेपा झाल्या. आधी कानात मळ किंवा पाणी आहे का ते पाहिलं. मग औषधानं पोराला झोपवलं, कपाळावर आणि कानामागं तारा चिकटवल्या, आणि मशीन कानात बारीक-मोठे आवाज सोडत राहिलं. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का, ते पडद्यावर आपोआप उमटत होतं. आसराबाई भिंतीपाशी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. झोपलेल्या लेकराच्या वतीनं कुणाला लबाडी करता येणार होती?

"दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि थाळीवर कधी विसंबू नका. मुलं सावली बघून वळतात, हादरा बसला तरी वळतात. घरात आणखी कुणी?"

आसराबाई डोळ्यांना पदर लावत उठली. "माझा भाऊ. भागवत त्याचं नाव."

"मग रडता कशाला, आजी? यात कुणाची खोट नसते, लाजही नसते. कानाला मशीन लावू. बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडं नियमानं आणा, आणि घरीही त्याच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं बोलत जा. फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू. अजून वेळ गेलेली नाही... पण आधी आणायला हवं होतं."

त्या दिवसापासून आसराबाईनं नातवाला मांडीवर घेतलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. तिचा हातच पुढं होईना. अंजू रोज सकाळी मशीनचा सेल तपासायची, दोन्ही कानांना मशीन लावायची, उजेडाकडं तोंड करून लेकराशी तासन्‌तास बोलायची. आसराबाई चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि पदरानं डोळे पुसायची.

दोन महिन्यांनी एका सोमवारी रामेश्वर रिकामी जीप घेऊन अंबडकडं गेला होता. परत आला तेव्हा शेजारच्या सीटवर घोंगडी पांघरलेला एक म्हातारा होता.

आसराबाईनं खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. कोणतं तोंड दाखवायचं त्याला? ती दाराआड लपली! फटीतून तिला दिसलं, काकासाहेब तांब्या घेऊन पुढं झाले, आणि नको नको करणाऱ्या भागवतला बाजेवर बसवून, खाली वाकून त्याच्या भेगाळलेल्या पायांवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी घातलं.

मग भागवत उठला आणि सरळ दारापाशी आला. ती पदरात तोंड लपवून हमसून हमसून रडत होती. त्यानं हळूच तो पदर बाजूला केला. तिनं वर पाहिलं... आणि त्यानं आपल्या नाकपुडीवर दोनदा बोट टेकवलं.

तीस वर्षं! तीस वर्षांत त्यानं तिचं नाव बदललं नव्हतं!

"दादा!" ती त्याच्या पायावर कोसळली. त्याला ते ऐकू गेलं नाही. त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अंजूच्या कडेवरून राधेश्याम टक लावून हे सगळं बघत होता. त्यानं बापाच्या म्हाताऱ्या मामाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. मग आपलं इवलंसं बोट उचललं आणि आजीकडं बघत स्वतःच्या नाकावर टेकवलं. एकदा... आणि पुन्हा एकदा!

अंजूचे डोळे भरून आले. ती पुढं झाली, पोराला तिनं सासूसमोर धरलं. "घ्या की त्याला, आत्या. हाक मारून राह्यलाय तो तुम्हाला!"

आसराबाईनं दोन्ही हात पुढं केले.