सातव्या भागाची शेवटची पानं

"आधी झडप, मग चौकशी," लंबूने कप्तान रणधूमचं लाडकं वाक्य म्हणून दाखवलं आणि बाइंडरकाकांच्या खोलीकडे बोट केलं. "काका जेवायला गेलेत. दार नुसतं लोटलंय."

सुट्टी लागल्यापासून लंबू, त्याची चुलतबहीण ढापणी आणि धाकटा टिल्लू वाचनालयातल्या कप्तान रणधूमच्या जुन्या अवकाशकथांवर तुटून पडले होते. कप्तान परक्या ग्रहावर उतरायचा, तिथल्या लोकांना दोरखंडाने बांधायचा, हवं ते उचलायचा आणि हसत हसत निघून जायचा. का, तर तो नायक! मुलांना त्यात कधी काही खटकलं नाही.

पण सातव्या भागाची शेवटची पानंच गायब होती. कुणी फाडली नव्हती, दोरा उसवून अलगद काढली होती. एवढा सफाईदार हात वाचनालयाची पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरकाकांचाच.

"त्यांना आधी विचारूया की," ढापणी म्हणाली.

"कप्तान विचारत बसतो का कधी?" टिल्लूने तिला गप्प केलं.

तिघं आत शिरले. खळीचा आंबूस वास येत होता. कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र होतं. लंबूने चाक फिरवून फळी उचलली, तर खाली तीच पानं! त्याने ती खसकन ओढली, ढापणीने छातीशी धरली आणि तिघांनी थेट ग्रंथपालबाईंच्या टेबलाकडे धूम ठोकली.

"शाबास रे पोरांनो," ग्रंथपालबाई सगळ्या वाचकांसमोर म्हणाल्या आणि काकांना बोलावणं धाडलं. काका हातही न पुसता धावत आले.

"बाई, ही पानं तुम्हीच दिली होती मला."

"मी? वहीत नोंद नाही तशी. उद्यापासून कामावर येऊ नका."

काकांनी एकदा पानांकडे पाहिलं आणि मान खाली घालून ते आपल्या खोलीकडे निघून गेले.

ढापणीचे तळवे चिकट झाले होते. तिने पानं नीट पाहिली. फाटलेल्या जागांवर पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, खळ अजून ओली होती. ओढाताणीत सगळ्याचा लगदा झाला होता. चोर कशाला पानं दुरुस्त करत बसेल? शेवटच्या पानामागे एक चिठ्ठी चिकटली होती, खुद्द बाईंच्या तिरक्या अक्षरात: 'शेवटची पानं फाटली आहेत. उसवून घ्या, चिकटवून द्या.'

लंबूनेही चिठ्ठी वाचली होती.

"गप्प बस," तो कुजबुजला. "कप्तान असता तर चिठ्ठी गिळून मोकळा झाला असता."

कप्तानाने खरंच तसं केलं असतं, हे ढापणीला पटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची किळस आली. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग पुढचंही बोलली. "काकांनी चोरी केली नाही. आम्हीच त्यांच्या खोलीत चोरून शिरलो. ओली पानं ओढून आम्हीच वाट लावली."

नोंद करायला विसरलेल्या बाईंचा चेहरा उतरला. मुलांना आणि ती पानं घेऊन त्या काकांच्या खोलीत गेल्या, माफी मागून "उद्या या, नक्की या" म्हणाल्या. मग ढापणीच्या पाठीवर हात ठेवला. "खरं बोललीस. गुणाची पोर आहेस."

त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तर बरं, असं ढापणीला वाटलं.

काका रागावले नाहीत. बोथट पट्टीने ते पानं सुटी करू पाहत होते. एकही सुटेना.

"शेवट वाचला होता तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"वाचला की. तो ग्रह जाळून तुमचा कप्तान निघून जातो."

"आणि तिथली माणसं?"

काकांनी पट्टी खाली ठेवली. "त्यांचं काही लिहिलेलं नाही, पोरी."

ढापणीला त्यांच्याकडे वर बघवेना. तिने ओलं फडकं घेतलं आणि यंत्राच्या फळीवर सांडलेली खळ पुसायला लागली.