रडका चेहरा दाबणारा

“अहो, तुमचा रडका चेहरा हसतोय!”

मी वैतागून मान वर केली. समोर एक तरुण उभा: हातात कॉफीचा कप, विस्कटलेले केस आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा.

“माझा?”

“म्हणजे... तुम्ही केलेला. मी रडका दाबतो आणि उजळतो हसरा.”

“मग हसा की!”

“तुम्ही समोर असताना तेच होतंय हो. पण चूक ती चूक.”

आमच्या ऑफिसात तेव्हा मनःस्वास्थ्याची टूम निघाली होती. माणसाला कामानं पार पिळून काढायचं आणि वर विचारायचं, बरे आहात ना? रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की तीन चेहरे यायचे – हसरा, मख्ख, रडका. आज कसं वाटतंय ते दाबायचं. हा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला होता. कुणी रडका दाबला की त्याचं नाव माझ्या स्क्रीनवर झळकायचं आणि त्याला मी लिहिलेलं वाक्य जायचं: ‘एकटं वाटून घेऊ नका. आम्ही आहोत.’

प्रोग्राममधल्या चुका शोधणं ही त्या खट्याळ कॉफीवाल्याची नोकरी. सगळे त्याला खुसपटच म्हणायचे.

मी चूक दुरुस्त केली. पठ्ठ्यानं दिवसभर रडका दाबून पाहिला. दुसऱ्या दिवशीही दाबला. मी तरातरा त्याच्या जागेकडे निघाले, तर जिन्यातच हा दोन कप घेऊन उभा!

“आता कसलं दुःख?”

“सकाळपासून तू दिसली नाहीस...”

“नाटकी!”

तेव्हापासून तीच आमची खूण. त्याचं नाव झळकलं की मी उठायची. जिन्यातल्या खिडकीतून गार वारा यायचा. टाइप करून ठणकणारं माझं मनगट तो अंगठ्यानं हळूहळू चोळायचा, आणि मी उगाच म्हणायची, “अजून दुखतंय हं...”

बाकी सगळे हसरा दाबायचे. माझ्या शेजारची तर बाथरूममध्ये रडून, तोंड धुऊन यायची आणि हसरा दाबायची. खरं दाबायला कुणाला वेड लागलं होतं? अख्ख्या ऑफिसात रडका दाबणारा एकच, आणि तोच सगळ्यात सुखी होता.

मग काम घटलं. माणसं कमी करायची ठरली. आमच्या मॅनेजर मॅडमनी त्याला बोलावून गोड आवाजात सांगितलं, “रोज रडका दाबता. तुम्हाला ताण सोसत नाही. तब्येत सांभाळा.”

मी तडक केबिनमध्ये घुसले. “मॅडम, तो दुःखी नाहीये! तो त्यातून मला बोलवायचा.”

“असं? म्हणजे कामाच्या वेळेत टंगळमंगळ. मग तुझंही नाव घालू?”

“घाला!” मी म्हणाले. पण मागून दार उघडलं.

“तिचं ऐकू नका, मॅडम,” खुसपट म्हणाला. “मला वाचवायला बोलतेय. मी खरंच दुःखी होतो.”

जिन्यात मी त्याची कॉलर धरली. “खोटं का बोललास?”

“घरी तुझ्या एकटीच्या पगारावर सगळं चालतं. आणि खोटं कुठे? आता आहेच की दुःखी.” हसायला गेला, पण जमलं नाही. “नोकरी लागली की बोलवतो. येशील?”

“हाक मारून तर बघ!”

तो दूर, बहिणीकडे राहायला गेला. नोकरी मागायला जिथे जाईल तिथले लोक आमच्या ऑफिसात चौकशी करायचे आणि मॅडम त्याच गोड आवाजात सांगायच्या – हुशार आहे हो, पण ताण सोसत नाही. आधी त्याचा रोज फोन यायचा. मग रविवारी. शेवटच्या फोनवर म्हणाला, “माझ्यासाठी थांबू नकोस गं.” मी त्याला शिव्या घातल्या, रडले, प्रेम करते म्हणून ओरडून सांगितलं. त्यानं हळूच फोन ठेवला. मग फोन उचलेनासाच झाला.

आई रोज विचारते, “पोरी, बरी आहेस ना?” मी “हो” म्हणते. ऑफिसात हसरा दाबते.

काल मात्र मी रडका दाबला. झक मारत गेली ती नोकरी! लगेच वाक्य आलं, माझंच: ‘एकटं वाटून घेऊ नका. आम्ही आहोत.’ आणि शेजारी नाव झळकलं, तेही माझंच.

नाव झळकलं की उठायची सवय. मी उठले, जिन्यात गेले.

तिथे कुणी नव्हतं.