शनिवारी येजा

"तो इको बंद करता का जरा?"

उद्धवच्या दुकानात आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. खामगावच्या फरशी भागात सहा वर्षं तो लाऊडस्पीकरची मशिनं दुरुस्त करत होता, अन् येणारा प्रत्येक जण इको वाढवूनच मागायचा. भजनी मंडळाला इको हवा, गणपती मंडळाला हवा, आणि पुढाऱ्यांचं तर विचारूच नका. आपलाच शब्द तीनदा परत ऐकू आला नाही तर त्यांना भाषण केल्यासारखं वाटायचं नाही. अन् ही कोण बाई इको बंद करायला सांगते?

त्याने मान वर केली. ऋषिपंचमीचा दुसरा दिवस. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं आभाळ काळवंडलेलं. दारातल्या पत्र्याखाली ती पावसापासून आडोशाला उभी होती. स्वतः चिंब भिजलेली, पण हातातली वस्तू युरियाच्या रिकाम्या पोत्यात नीट बांधलेली.

"काय हाय त्याच्यात?" त्याने विचारलं.

"गिटार," ती म्हणाली. "मी भिजले तर वाळेन. ती नाही वाळायची."

उद्धवने इकोचं बटण मागे फिरवलं आणि तिला बसायला स्टूल दिलं. इथून सगळं सुरू झालं बघा.

तिचं नाव मधुवंती. वडील एका शाळेत हेडक्लार्क, ही दुसऱ्या शाळेत कंत्राटी गणिताची मॅडम. नागपूरला शिकायला होती तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या वादकाकडे ती जॅझ शिकली, आणि त्यानेच आपली जाड पोटाची जुनी गिटार तिला देऊन टाकली. खामगावात परत आल्यापासून ती ही गिटार स्पीकरच्या एका चिमुकल्या डब्याला जोडून वाजवत होती, आणि त्या डब्यातून माशी कोंडल्यासारखा आवाज यायचा. जॅझ म्हणजे काय, असं उद्धवने विचारलं तेव्हा तिने समजावत न बसता पोतं सोडलं आणि वायर न लावताच चार-पाच सूर एकदम छेडले.

उद्धवने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सांजच्याले घरी यावं, अन् घरात कोनीच नसावं… तसं वाटते हे."

मधुवंतीने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत तिच्या घरच्यांना, शाळेतल्यांना जे कळलं नव्हतं ते या सोल्डरच्या धुरात बसलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. कपाळावरचं पाणी कोपराने पुसता पुसता ती तशीच थांबली.

मग तिने काय हवं ते सांगितलं. आवाज गोल पाहिजे, टोचायला नको. सहा तारा एकदम वाजल्या तरी गिचमिड व्हायला नको. मोठा नको, पण स्वच्छ हवा. आणि मुख्य म्हणजे, मशीनने त्यात आपल्या मनचं काही घालायला नको. वर पुन्हा कंत्राटी मॅडमला परवडेल असं हवं.

आता खरी गोष्ट सांगतो. असं मशीन उद्धवकडे होतं. तिच्यापासून चार हातांवर, कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. गुलाबरावांचा लग्नात वाजणारा ऑर्केस्ट्रा होता, त्यातलं कीबोर्डचं मशीन, आत बारा इंची स्पीकर. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, आणि गुलाबरावांनी ते विकायला म्हणून त्याच्याकडे आणून ठेवलं. कीबोर्डवर दहाही बोटं एकदम पडतात, म्हणून ते बनवलेलंच असं असतं की सूर एकमेकांत मिसळून गाळ होत नाही. तिचं बोलणं निम्म्यावर असतानाच उद्धवला हे कळलं होतं.

"हाय की" हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, देवाशपथ. पण तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना, मी काय म्हणते ते?" आणि हसली. उद्धवच्या मनात आलं, आत्ता ताडपत्री ओढली की ही पैसे देईल, मशीन उचलेल आणि जाईल. पाऊसही थांबेल. संपलं.

"पायतो," तो म्हणाला. "शनिवारी येजा."

आता दुरुस्तीवाल्याचं "शनिवारी येजा" म्हणजे काय, ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. तो धंद्याचा रिवाज. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. उद्धवनेही स्वतःला खोटारडा म्हटलं नाही. इथंच त्याचं चुकलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी ती यायची, पोत्यात गिटार घेऊन. पहिल्या शनिवारी उद्धवने अकोल्याहून एक नवा कोरा छोटा अ‍ॅम्प आणून ठेवला. तो कानाला टोचत होता. दुसऱ्या शनिवारी एका भजनी मंडळाचं मशीन लावलं. मधुवंतीने कान लावला आणि म्हणाली, "ह्याच्यात कुणीतरी घोरतंय." तिसऱ्या शनिवारी डीजेवाल्याचा मोठा बॉक्स. एक सूर लावला तर शेजारच्या कटलरीवाल्याच्या बरण्या थडथडल्या.

तिनेच त्याला ऐकायला शिकवलं. ट्रेबल खाली घ्या. बेस पोटात गुरगुरतोय, बॉक्स जमिनीवरून उचला, खाली विटा लावा. आता ऐका. आता? तो डोळे मिटून ऐकायचा, आणि डोळे उघडले की ती त्याच्याकडेच पाहत असायची. मग दोघंही उगाचच वायरीकडे बघायला लागायचे.

"तुम्ही मुद्दाम वाईट-वाईट मशिनं शोधून आणता की काय?" एकदा तिने विचारलं.

उद्धवच्या हातातला पेचकस खाली पडला. तो उचलायला वाकून म्हणाला, "चांगलं असं पटकन भेटत नसते जी."

"मशिनीबद्दल बोलून राह्यले ना तुम्ही?"

"हाव… मशिनीबद्दलच."

ती हसली. त्या हसण्यावर उद्धवचा आठवडा निघायचा. गणपती बुडाले, पितृपक्ष गेला, घट बसले. आभाळ काही उघडेना. गावोगाव सोयाबीन शेतातच काळं पडत होतं. उद्धवच्या गावाहून, उंद्रीहून, घरच्यांचे फोन यायचे, तेही रडवेलेच. आणि हा गडी शनिवारी सकाळी दाढी करून बसायचा. कटलरीवाल्याने दोनदा विचारलंही, पाहुणे-बिहुणे येऊन राह्यले का म्हणून.

चौथ्या शनिवारी तिने खरं काय ते सांगितलं. पुण्यात तिघांची एक जॅझ मंडळी होती, त्यांचा गिटारवाला सोडून गेला होता. दोन धुना वाजवून, रेकॉर्ड करून पाठवायच्या, खोलीत वाजतात तशा, मागून काही न मिसळता. कोजागिरीपर्यंत. पसंत पडलं तर हिवाळाभराचं काम. तिचा जुना डबा जोडून पाठवलं असतं तर त्यांनी पहिल्याच सुराला बंद केलं असतं. आणि नाही जमलं तर? तर दुसरबीडचं स्थळ होतं. चाळीस एकरवाले, माणसंही भली. वडिलांना तिने कोजागिरीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं.

"मला एकदाच नीट ऐकवायचंय," ती म्हणाली. "मग नाही म्हणाले तरी चालेल."

उद्धवने मनात हिशेब मांडला. म्हणजे मशीन दिलं तर ही पुण्याला जाणार, नाही दिलं तर दुसरबीडला. त्याच्या वाट्याला काय, तर शनिवार, आणि तेही मोजून दोन राहिलेले. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण चार आठवडे लपवलेलं आता कोणत्या तोंडाने काढणार? निघताना ती म्हणाली, "येते मग शनिवारी." आणि याच्या तोंडून निघालं, "हाव, येजा." पाचवाही तसाच गेला.

कोजागिरी मंगळवारी होती. तिच्या आधीच्या शुक्रवारी गुलाबराव छत्री झटकत दुकानात शिरले.

"काऊन बे उद्धव, दीड महिना झाला. एक गिऱ्हाईक नाई भेटलं तुले?"

उद्धव काहीतरी पुटपुटला. गुलाबरावांनी ते ऐकूनही घेतलं नाही. चिखलीकडच्या एका बँजो पार्टीने मशीन मागितलं होतं, रविवारी सकाळी गाडी घेऊन न्यायला येणार होते. म्हणजे आता उद्धवला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. मशीन आपोआप जाईल, कोजागिरी आपोआप उलटेल आणि कुणाला काही कळणार नाही. इतकं सोपं झाल्यावर मात्र त्याला स्वतःची भीती वाटली. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत गेला.

शनिवारी ती आली ती वेगळीच. गिटार सवयीने आणली होती, पण पोतं सोडलं नाही. स्टुलावर बसलीही नाही.

"आज मशीन पाहायला नाही आले," ती म्हणाली. "सांगायला आले. गुरुवारी मी बाबांना हो म्हटलं. उद्या पाहुणे येऊन राह्यले दुसरबीडचे. तुम्ही खूप खटपट केली माझ्यासाठी… उगाच त्रास."

उद्धव उठला. कोपऱ्यात गेला आणि ताडपत्री ओढली. मशीन उचलून दोन विटांवर ठेवलं, धूळ पुसली, ट्रेबल खाली घेतला, वायरीचं टोक तिच्यापुढे धरलं. तिला काही उमजेना, पण तिने गिटार काढली आणि वायर लावली.

एकदाच छेडलं. सहाही सूर वेगवेगळे ऐकू आले आणि तरी एकत्र होते. गोल, ऊबदार, कुठं काही चिकटलेलं नाही. दोघांनाही पहिल्या क्षणाला कळलं.

तिने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला. "हे कुठून आणलं?"

"इथंच होतं."

"कधीपासून?"

"तुमी पहिल्यांदा आल्या… त्याच्या आधीपासून."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. उद्धवने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गुलाबराव, कीबोर्ड, पहिल्याच दिवशी कळलं होतं ते, बँजो पार्टी, सगळं. शेवटी म्हणाला, "मशीन भेटलं असतं तर तुमी परत आल्या नसत्या. मले तुमी आवडता. पण त्याच्यानं हे बरोबर ठरत नाई, मले समजते."

मधुवंती रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी आठ दिवस स्वतःला समजावलं, की आपल्या नशिबातच नाही," ती म्हणाली. "हरले म्हणून वडिलांना हो म्हटलं, उद्धव. अन् ते तिथं होतं. चार हातांवर."

तिने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "पंखा बंद कर."

त्याने पंखा बंद केला, घूं करणारी ट्यूब बंद केली, शटर अर्धं ओढलं. समोर कोजागिरीला बसणाऱ्या मोठ्या देवीच्या मांडवात पोरं त्यानेच दुरुस्त केलेलं मशीन तपासत होती. भिजत जाऊन त्यांच्याकडून अर्ध्या तासाची शांतता मागून आणली. पाऊस तेवढा त्याला थांबवता आला नाही. तिचा मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून तो उभा राहिला, आणि तिने वाजवलं. पहिली धून तिने रागात वाजवली. दुसरी मात्र हळू होती, तिच्यात ते सांजचं रिकामं घर होतं. मध्येच एकदा तिने मान वर करून मोबाइलच्या वर, थेट त्याच्याकडे पाहिलं. त्याचे हात हलले नाहीत. कसे हलले नाहीत, हे त्यालाच ठाऊक.

वाजवून झाल्यावर गुलाबरावांचे ठरलेले पैसे तिने काऊंटरवर ठेवले आणि मशीन ऑटोत घालून नेलं.

रविवारी बँजो पार्टी रिकाम्या हातांनी परत गेली. त्याच दिवशी मधुवंतीने पाहुण्यांना चहाआधीच हात जोडून नाही सांगितलं, असं गावात कानावर आलं. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढचा शनिवार आला, गेला. त्याच्यानंतरचाही. उद्धव दोन्ही दिवशी दाढी करून बसला होता.

दिवाळी झाल्यावर, एका सोमवारी, ती दारात उभी राहिली. पुण्याचं जमलं होतं. त्यांनी म्हणे विचारलं होतं, मागे पाऊस वाजतोय तो कुठला. मशीनचा दांडा एका बाजूने निखळला होता आणि तिची गाडी संध्याकाळची होती.

"कधी होईल?" तिने विचारलं.

"आताच," उद्धव म्हणाला.

त्याने दहा मिनिटांत दांडा बसवला. इतक्या लवकर त्याने आजवर कुणाचं काम केलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत, तिनेही आग्रह केला नाही. मशीन उचलून तो ऑटोपर्यंत गेला. आत बसून तिने पदर सावरला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तू पहिल्याच दिवशी मशीन दिलं असतं ना… तरी मी दर शनिवारी आलेच असते."

उद्धव ऑटोचा दांडा धरून उभा राहिला. "अन् आता?" त्याने विचारलं.

"आता?" तिने गिटारचं पोतं मांडीवर घेतलं. यावेळी ते कोरडं होतं. "शनिवारी आमचा कार्यक्रम असतो रे पुण्याला. दर शनिवारी."

ऑटो निघाली. उद्धव दुकानात आला, कोपऱ्यातल्या ताडपत्रीची घडी घातली आणि पुढचं मशीन समोर ओढलं. थोड्या वेळाने त्या मशीनचा मालक आला आणि नेहमीसारखं विचारू लागला, शनिवारी येऊ का म्हणून. उद्धव म्हणाला, "नका येऊ. बसा. आता करून देतो."